आल्प्समधली आडवी पडलेली घडी : आंतिगोरियो नापविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडमधल्या ब्रीगहून इटलीतल्या दोमोदोसोलाकडे निघालेली गाडी सिंप्लनच्या बोगद्यात शिरते आणि वीस किलोमीटर अंधारातून जाऊन इझेलेला उजेडात येते. या अंधारातला शेवटचा चार किलोमीटरचा टप्पा एकाच खडकातून खोदलेला आहे. तो म्हणजे आंतिगोरियो नीस. आपल्यापैकी बहुतेकांचं लक्ष तेव्हा मोबाइलची रेंज परत कधी येते याकडे असतं. पण आल्प्स पर्वत कसा घडला हे समजायला ज्या मोजक्या जागांनी मदत केली, त्यांतली ही एक. तिच्याविषयी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नाप म्हणजे नक्की काय?

खडकांचा एखादा मोठा थर आपल्या मूळ जागेवरून सुटतो, अनेक किलोमीटर सरकतो आणि दुसऱ्याच खडकांवर जाऊन पसरतो. त्या पसरलेल्या थराला नाप म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा साधा अर्थ मेजावर अंथरायचं कापड. जर्मन लोक त्यालाच ‘डेके’, म्हणजे पांघरूण म्हणतात. मला पांघरूण जास्त पटतं, कारण आल्प्समध्ये अशी पांघरुणं एकावर एक पडलेली आहेत आणि कुठलं कुणाचं हे शोधण्यात भूवैज्ञानिकांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. मराठी परिभाषेत ‘ग्रीवाखंड’ असा शब्द आहे, पण तो वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहील असं वाटत नाही. म्हणून इथे नापच.

आणि नीस?

मराठी विश्वकोशात याला ‘पट्टिताश्म’ म्हटलंय, आणि हा शब्द मात्र छान आहे. पट्टे असलेला खडक. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे कण कसेही विखुरलेले असतात. तोच ग्रॅनाइट जमिनीत खोल जाऊन तापला, दाबला गेला आणि ताणला गेला की कण एका दिशेनं आडवे होतात. अभ्रकाच्या काळ्या रेघा आणि फेल्डस्पारच्या पांढुरक्या रेघा दिसू लागतात. कधी फेल्डस्पारचा एखादा मोठा कण मधेच टिकून राहतो आणि बाकीचे पट्टे त्याला वळसा घालून जातात. तो मग डोळ्यासारखा दिसतो.

इंग्रजी स्पेलिंगमधला (gneiss) ‘जी’ उच्चारायचा का?

नाही. ‘नाइस’ किंवा ‘नीस’ म्हणा, दोन्ही चालतं.

आंतिगोरियो आहे कुठे?

इटलीच्या उत्तर टोकाला, ओसोला भागात. तोचे नदीच्या खोऱ्याच्या वरच्या भागाला वाल फोर्मात्सा म्हणतात आणि त्याखालच्या भागाला वाल आंतिगोरियो. क्रोदो, बाचेनो, प्रेमिया ही तिथली गावं. नापला नाव खोऱ्याचं मिळालं, पण तो एका खोऱ्यापुरता नाही. पश्चिमेला तो सिंप्लनच्या वाटेवरच्या गोंडोच्या अरुंद घळीपर्यंत जातो आणि पूर्वेला स्वित्झर्लंडच्या तिचीनो प्रांतात वाल बावोनापर्यंत. नीसाची जाडी शेकडो मीटर आहे, जागोजागी ती किलोमीटरभर भरते.

हा खडक मुळात काय होता?

बहुतांश ग्रॅनोडायोराइट, म्हणजे ग्रॅनाइटचा सख्खा भाऊ. थोडा ग्रॅनाइट, थोडा त्याच कुटुंबातला टोनालाइट. त्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून याचं वय सुमारे २९ कोटी वर्षं निघतं. म्हणजे पर्मियन काळाची सुरुवात. आल्प्स तेव्हा नव्हते. त्याआधीची एक पर्वतरांग झिजत चालली होती आणि तिच्या मुळाशी शिलारस घुसून थंड होत होता.

नंतर त्यावर समुद्र आला. वाळू, डोलोमाइट, जिप्सम, चुनखडक, चिखल असे थर त्या ग्रॅनाइटच्या झिजलेल्या पाठीवर साचत गेले. हे थर लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर टिकलेली आहे.

खालचा खडक जुना आणि वरचा नवा, असाच नियम आहे ना?

आपण सह्याद्रीची माणसं. आपल्याकडे काळा कातळ थरावर थर असा पसरलेला आहे, लाव्हाचा एक लोट थंड झाला की त्यावर दुसरा. कळसूबाई चढताना आपण जुन्याकडून नव्याकडे जातो आणि हा नियम पायांनाच पाठ होतो. आंतिगोरियोत नेमका तोच मोडतो.

बाचेनोच्या आसपास नदीपात्रापासून डोंगरमाथ्याकडे नजर नेली तर क्रम असा दिसतो. अगदी तळाशी वेराम्पियोचा ग्रॅनाइटी नीस. त्याच्यावर बाचेनोचे शिस्ट, म्हणजे पापुद्रे निघणारे अभ्रकी खडक, आणि त्यांच्यात संगमरवराचे पट्टे. त्यांच्यावर आंतिगोरियो नीसाचे उभे कडे. आणि त्याच्याही वर पुन्हा संगमरवर आणि चुनायुक्त शिस्ट. या वरच्या पट्ट्याला तेज्जोलो पट्टा म्हणतात.

आता वयं लावून बघा. वेराम्पियोचा ग्रॅनाइटही जवळपास आंतिगोरियोच्याच वयाचा, २९ कोटींच्या आसपासचा. आणि मधले बाचेनोचे शिस्ट? ते नंतरच्या समुद्रातले गाळ, म्हणजे वरच्या नीसापेक्षा तरुण. आजोबांच्या डोक्यावर नातू, नातवाच्या डोक्यावर पुन्हा आजोबांचे समवयस्क, आणि त्यांच्या डोक्यावर पुन्हा नातू. अशी उतरंड आपोआप रचली जात नाही.

सोपं स्पष्टीकरण एकच उरतं. वरचा नीस दुसरीकडून आला, पाठीवरचे समुद्री थर घेऊन आला आणि वेराम्पियोच्या थरांवर आडवा पडला. खडकाचं एक प्रचंड आडवं जिभेसारखं टोक, टोकाशी गोल वळलेलं. भूवैज्ञानिक त्याला परिवलित वली म्हणतात, मी आडवी पडलेली घडी म्हणतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. या नीसावर हजारो पानं लिहिली गेलीत, पण निर्णायक पुरावा नीसात नाहीच. तो त्याच्या खालच्या शिस्टमध्ये आणि संगमरवरात आहे. ती पातळ पट्टी नसती तर दोन नीस एकमेकांवर टेकलेले असते आणि मधे काही घडलंय अशी शंकाही कुणाला आली नसती.

पण ते शिस्ट तरुण आहेत हे कशावरून? जीवाश्म सापडले का?

रास्त शंका. बाचेनोच्या शिस्टमध्ये जीवाश्म शोधणं म्हणजे भट्टीतून निघालेल्या विटेत चिखलातली पावलं शोधणं. उष्णतेनं सगळं पुसलंय. इथे उपयोगी पडते ती थरांच्या क्रमाची तुलना. उत्तरेला नुफेनेन खिंडीजवळ याच धाटणीचे शिस्ट आहेत, आणि त्यांत बेलेम्नाइट नावाच्या सागरी प्राण्यांचे कांडीसारखे अवशेष टिकलेत. त्याच थरांत तामड्याचे (गार्नेटचे) खडे आहेत. समुद्री प्राण्याची कांडी आणि प्रचंड उष्णतेत वाढलेला तामडा, दोन्ही शेजारी शेजारी. त्यावरून तिथले थर जुरासिक काळातले ठरतात. बाचेनोचे थर त्यांच्याशी जुळतात.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

हाइनरिश गेर्लाख यांच्या. खाणींचं काम करणारा हा माणूस स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातल्या डोंगरांत फिरून नकाशे काढत असे. १८६९ च्या सुमारास त्यानं मांडलं की आंतिगोरियोचा नीस ही आडवी पडलेली घडी आहे आणि तिच्या खाली तरुण शिस्ट आहेत. विद्यापीठातल्या मंडळींना हे पचलं नाही. एवढा जाड ग्रॅनाइटी खडक किलोमीटर किलोमीटर आडवा सरकेल ही कल्पनाच तेव्हा चमत्कारिक होती. पर्वत म्हणजे थंड होणाऱ्या पृथ्वीला पडलेल्या सुरकुत्या असं मानण्याचा तो काळ, आणि सुरकुत्या उभ्या असतात.

१८८४ मध्ये मार्सेल बर्त्रां यांनी पूर्व स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसच्या डोंगरांबद्दल अशीच एक धाडसी मांडणी केली. १८९३ मध्ये हान्स शार्ट यांनी जिनिव्हा सरोवराजवळचे प्रीआल्प्स, म्हणजे आल्प्सच्या कडेचे कमी उंचीचे डोंगर, दुरून सरकत आलेत असं म्हटलं. तरी वाद चालूच राहिला. तो मिटवण्यात मोठा वाटा बोगद्याचा.

बोगद्याचा काय संबंध?

१८९८ मध्ये सिंप्लनचं काम दोन्ही टोकांकडून सुरू झालं. २४ फेब्रुवारी १९०५ ला दोन्हीकडचे खोदकाम करणारे एकमेकांना भेटले आणि १९०६ मध्ये गाड्या धावू लागल्या. लांबी १९.८ किलोमीटर. पुढे १९८२ पर्यंत जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. पण आपल्या दृष्टीनं तो डोंगराला आरपार दिलेला छेद आहे. केक कापल्यावर थर दिसतात तसा.

काम सुरू होण्याआधी नामांकित भूवैज्ञानिकांनी डोंगराच्या पोटात काय असेल याचे उभे छेद काढून दिले होते. त्यांत दक्षिणेकडचे थर बऱ्यापैकी तीव्र उताराचे दाखवले होते. प्रत्यक्षात इझेलेच्या बाजूनं कामगार आत गेले तर चार किलोमीटरहून अधिक अंतर आंतिगोरियो नीसच लागत राहिला, आणि त्याचे पट्टे आडवे. त्यानंतर एकदम चुनखडक आणि संगमरवर लागले आणि पाण्याचे लोटच्या लोट आत घुसले. थंड पाणी, भिंतीतल्या भेगांमधून फवाऱ्यासारखं.

या पाण्याच्या पट्ट्यापाशीच चाळीस-पन्नास मीटरचा एक भाग असा लागला की जुन्या कामगारांनीही हात टेकले असतील. चुनायुक्त अभ्रकी शिस्ट इतका भुसभुशीत आणि दाबाखाली की जाडजूड लाकडी टेकू काडीसारखे मोडत होते. शेवटी लोखंडी तुळयांच्या चौकटी एकीला एक खेटून उभ्या करून, मधे काँक्रीट भरत पुढे जावं लागलं. एवढ्याशा अंतराला महिने गेले.

उष्णतेचा अंदाजही चुकला. खडकाचं तापमान चाळिशीच्या थोडं वर जाईल असं गृहीत धरलं होतं, ते गेलं ५५ अंशांपर्यंत. माथ्यावर दोन हजार मीटरहून जास्त खडक होता हे एक कारण. दुसरं कारण शार्ट यांनी दाखवलं आणि ते मला फार आवडतं. खडकाचे पट्टे आडवे असतील तर उष्णतेला वर जाताना प्रत्येक पट्टा ओलांडावा लागतो. पट्टे उभे असते तर ती पट्ट्यांच्या कडेकडेनं सहज निसटली असती. म्हणजे थर्मामीटरनंही तेच सांगितलं जे डोळ्यांना दिसत होतं : घडी आडवी आहे.

ज्यांनी हे सगळं सोसलं ते कामगार बहुतेक इटलीतले होते. भूशास्त्राच्या पुस्तकांत छेदाचे आभार मानले जातात, छेद देणाऱ्यांचे क्वचितच.

ग्रॅनाइटसारखा कठीण खडक न मोडता वाकतो तरी कसा?

हातोडा मारला तर तो फुटतोच. पण आपण हातोडा मारतो खोलीच्या तापमानात आणि सेकंदाच्या आत. क्वार्ट्झ साधारण ३०० अंशांपुढे हळूहळू वाहू शकतो, फेल्डस्पारला ४५० ते ५०० अंशांच्या वरची उष्णता लागते. ‘वाहणं’ म्हणजे वितळणं नव्हे, खडक घनच असतो. स्फटिकांच्या आतल्या आत अणूंच्या रांगा सरकतात आणि कण लांबट होत जातात. वेळ मात्र भरपूर लागतो. वर्षाला एक सेंटिमीटर हा वेग आपल्या नखांच्या वाढीपेक्षाही कमी, पण त्या वेगानं दहा लाख वर्षांत दहा किलोमीटर होतात.

शिवाय सगळं ओझं नीसानं एकट्यानं वाकून पेललं नाही. घडीच्या पोळीत तेल आणि पिठाचा हात फिरवलेला असतो म्हणून पदर सुटे होतात. इथे ते काम जिप्सम, अॅनहायड्राइट आणि चुन्याच्या थरांनी केलं. ते लवकर मऊ होतात, आणि सरकायचं असेल तेव्हा खडक त्यांच्यावरूनच सरकतो. पोळीची उपमा इथेच थांबवतो, कारण पोळीत सगळे पदर एकाच कणकेचे असतात आणि इथे नसतात.

हे घडवलं कशानं?

युरोपच्या भूमीची दक्षिणेकडची कड एका अरुंद सागरी पट्ट्यासह आफ्रिकेच्या बाजूच्या आड्रिया नावाच्या खंडतुकड्याखाली ढकलली गेली. त्या कडेचे पापुद्रे एकेक करून सुटले आणि मागून येणाऱ्या रेट्यानं एकावर एक चढले. आंतिगोरियो हा त्यांतला बराच खालचा पापुद्रा.

तो किती खोल गेला होता, आणि हे कळतं कसं?

वीस किलोमीटरहून खोल, आणि तापमान ६०० अंशांच्या आसपास. हे सांगणारे साक्षीदार पुन्हा बाचेनोच्या शिस्टमधलेच. तामडा, निळसर कायनाइट आणि स्टॉरोलाइट ही खनिजं ठरावीक दाब-तापमानाच्या चौकटीतच एकत्र वाढतात. नीसाची खनिजं या बाबतीत फारशी बोलकी नाहीत. तापमानाचा हा कळस सुमारे ३ ते २ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे घड्या पडून झाल्यावरही खडक बराच काळ तापलेलाच होता. या सगळ्या तापलेल्या भागाला लेपोन्टाइन घुमट म्हणतात.

मग इतका खोल गेलेला खडक वर आला कसा?

निम्मं काम झिजेनं केलं. निम्मं सिंप्लनच्या विभंगानं, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात अशा मोठ्या भेगेनं. हा विभंग कमी कलाचा आहे आणि सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीपासून त्याच्यावरचा भाग नैर्ऋत्येकडे घसरत गेला. पांघरूण ओढून काढल्यावर खालचा माणूस उघडा पडावा तसे आंतिगोरियो आणि वेराम्पियो वर आले. आल्प्स दाबले जात असतानाच एका दिशेनं ताणलेही जात होते. हे ऐकून अनेकजण गोंधळतात. उशी मधोमध दाबा, बाजूंना ती पसरतेच.

अशी एकूण किती पांघरुणं आहेत?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरिस ल्यूजों आणि त्यांचा विद्यार्थी एमिल आर्गां यांनी पेनिनी आल्प्सचे, म्हणजे स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या आल्प्सचे, नाप खालून वर मोजले. आर्गां यांनी त्यांना क्रमांक दिले : १ आंतिगोरियो, २ लेबेंदुन, ३ मोंते लेओने, ४ ग्रँड सेंट बर्नार्ड, ५ मोंते रोझा, ६ दां ब्लांश. आज यादी बरीच फाटे फुटलेली आहे, पण सांगाडा तोच. मॅटरहॉर्नचं शिखर सहाव्यात मोडतं, म्हणजे त्या प्रसिद्ध सुळक्याचा माथा आड्रियाच्या बाजूचा आणि आंतिगोरियो त्याच्या कितीतरी खालचा, युरोपच्या बाजूचा.

हेच आर्गां पुढे वेगेनरच्या खंडवहनाच्या बाजूनं उभे राहिले. १९२२ च्या ब्रुसेल्समधल्या भूवैज्ञानिक परिषदेत त्यांनी आशियाची रचना मांडली, आणि भारताची भूमी तिबेटखाली सरकतेय असं चित्र काढलं. आल्प्समधली एक घडी वाचता वाचता ते हिमालयापर्यंत पोहोचले होते.

आता सगळं ठरलंय का?

घडी आहे, ती दक्षिणेकडून आलीय, यावर वाद नाही. वाद आहे तो नात्यागोत्याचा. पुस्तकांत आंतिगोरियोला पेनिनी कुळात टाकतात. पण त्याच्या पाठीवरचे तेज्जोलोचे थर बारकाईनं पाहिले तर ते उत्तरेकडच्या हेल्वेटिक चुनखडकांशी जवळीक दाखवतात. त्यामुळे काहीजण म्हणतात की हा खरं तर हेल्वेटिक कुळाचा, फक्त खूप खोल जाऊन भाजून निघालेला. मला ही बाजू जड वाटते, पण मी काही तिथे नकाशे काढलेले नाहीत.

या खडकाचा उपयोग होतो का?

भरपूर. ओसोलातल्या खाणींतून निघणारा करडा, काळ्या ठिपक्यांचा दगड ‘सेरित्सो’ या नावानं विकला जातो. ‘सेरित्सो आंतिगोरियो’ आणि ‘सेरित्सो फोर्मात्सा’ ही व्यापारी नावं आहेत. मिलान आणि आसपास पायऱ्या, फरसबंदी, खांब यांसाठी तो पूर्वापार वापरात आहे. मिलानचं कॅथेड्रल मात्र याचं नव्हे. त्याचा गुलाबीसर पांढरा संगमरवर त्याच ओसोलातल्या कांदोल्याचा, पण भूशास्त्रीयदृष्ट्या वेगळ्याच घराण्याचा.

याशिवाय डोंगरातली घरं. नीसाचे पट्टे जिथे बारीक, तिथे फाडून पातळ फरशा निघतात आणि छपरं त्यांनीच शाकारलेली दिसतात. गोंडोला नीसातल्या शिरांमध्ये सोनंही होतं. खाण १८९७ मध्ये बंद पडली.

बघायला जायचं तर कुठे?

दोमोदोसोलाहून बसनं क्रोदोमार्गे बाचेनोला जा. (क्रोडिनो हे केशरी पेय प्यायला असाल तर त्याचं नाव याच क्रोदोवरून आलंय.) वेराम्पियोजवळ नदीनं कोरलेले रांजणखळगे तळाच्या नीसात आहेत. निघोजचे रांजणखळगे आठवतील, पण तिथे कातळ काळा आणि इथे पांढुरका पट्टेदार. मग मान वर करून समोरच्या कड्यांकडे बघा, तो आंतिगोरियो. बाचेनोचं सान गाउदेन्सिओ चर्च कड्याच्या टोकावर आहे आणि आतली भित्तिचित्रं बघण्यासारखी आहेत, भूशास्त्राशी संबंध नसला तरी. वर फोर्मात्सात १४३ मीटर उंचीचा तोचेचा धबधबा आहे. पाणी विजेसाठी अडवलेलं असतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते सोडण्याच्या वेळा आधी बघून जा, नाहीतर ओला कडा बघून परत याल.

वेल्या आणि देवेरो हे भाग संरक्षित उद्यानात येतात. तिथे दगड फोडू नका, उचलू नका.

महाराष्ट्रात असा नाप आहे का?

नीस नक्कीच आहे. विदर्भात पूर्वेला, सिंधुदुर्गात कुठे कुठे, गोव्यातही. आणि नाप? नागपूर जिल्ह्यात रामटेकच्या पुढे, शिवनीच्या रस्त्यावर देवलापार लागतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये या भागातल्या अतिप्राचीन खडकांत नाप असल्याचं मांडलं. तो ‘देवलापार नाप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वेस्ट यांच्यासमोर अर्थातच आल्प्सचा नमुना होता. पुढच्या अभ्यासकांनी त्या मांडणीवर शंका घेतल्या, आणि तिथले खडक पुन्हा पुन्हा घडी पडून इतके गुंतलेत की शंका साहजिक आहेत. आल्प्समध्ये कडे उघडे आहेत, खोल घळी आहेत आणि एक बोगदाही आरपार गेलाय. देवलापारला शेतं, सागाचं रान आणि अधूनमधून डोकं वर काढणारा खडक. पेंचला वाघ बघायला जाताना गाडी तिथूनच जाते.